मतभेद पचवणारा गाइड

पीएच.डी. प्रवेश परीक्षेचा, म्हणजे पेटचा, निकाल लागला की विद्यापीठाच्या आवारात, वसतिगृहांत आणि व्हॉट्सअॅपच्या गटांवर एकाच प्रश्नाची फिरवाफिरव सुरू होते: कोणाकडे जागा आहे? प्रश्न चुकीचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी जास्तीत जास्त आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक विद्यार्थी घेता येतात. ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला आहे, त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे ज्यांचे नाव घेत विद्यार्थी एम.ए. किंवा एम.एस्सी. झाला, ते बहुधा भरलेले असतात किंवा निघण्याच्या तयारीत असतात. जागेच्या प्रश्नानंतर दुसरा प्रश्न येतो तो नावाचा. सर मोठे आहेत का, कोणकोणत्या समित्यांवर आहेत, त्यांच्या शब्दाला वजन किती? तिसरा प्रश्न विषयाचा, आणि तो बहुतेक वेळा सिनॉप्सिस लिहायच्या आदल्या आठवड्यात विचारला जातो. या तिन्ही प्रश्नांच्या गर्दीत एक प्रश्न कोणीच विचारत नाही: या माणसाशी त्याच्या एखाद्या विद्यार्थ्याचा कधी मतभेद झाला होता का, आणि झाला असेल तर त्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले?

माझ्या मते गाइड निवडताना सगळ्यात आधी विचारावा असा प्रश्न हाच आहे. पीएच.डी. ही आधीच्या परीक्षांची मोठी आवृत्ती नव्हे. एम.ए.पर्यंत विद्यार्थ्याने शिक्षकाला माहीत असलेले उत्तर द्यायचे असते, पीएच.डी.त शिक्षकालाही माहीत नसलेले उत्तर शोधायचे असते. शोध खरा असेल तर तीन-चार वर्षांत कधीतरी असा दिवस येणारच, की हाती आलेली सामग्री एक सांगते आणि गाइडचा आजवरचा समज दुसरेच सांगतो. त्या दिवशी गाइड काय करतो यावर प्रबंधाचे, आणि बऱ्याचदा संशोधकाच्या पुढच्या आयुष्याचेही, भवितव्य ठरते. कीर्ती, ओळखी, विषयावरची पकड यांचा उपयोग नक्की आहे, पण त्या दिवशी यांपैकी काहीच कामाला येत नाही.

याचा सगळ्यात ठळक पुरावा आपल्याच इतिहासात आहे. बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयाच्या प्रश्नावर डी.एस्सी.चा प्रबंध लिहीत होते तेव्हा त्यांचे मार्गदर्शक होते एडविन कॅनन. भारताच्या चलनाची त्या काळची व्यवस्था सुवर्ण विनिमय परिमाणावर उभी होती आणि तिचा सर्वांत नामवंत पुरस्कर्ता होता जॉन मेनार्ड केन्स. 1913 मध्ये केन्सने याच विषयावर पुस्तक लिहिले होते. बाबासाहेबांनी त्या व्यवस्थेवर आणि केन्सच्या युक्तिवादावर सरळ हल्ला चढवला. परीक्षकांनी प्रबंधात फेरफार करायला सांगितले. बाबासाहेब मुंबईला परतले, सुधारित मसुदा त्यांनी इथून पाठवला आणि 1923 मध्ये पदवी पदरात पडली. त्याच वर्षी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशकाने छापले. पुस्तकाला प्रस्तावना कॅननची आहे, आणि ती आजच्या प्रत्येक गाइडने वाचावी अशी आहे. विद्यार्थ्याचा या व्यवस्थेवरचा राग आपल्याला मान्य नाही आणि त्याचे बहुतेक युक्तिवादही पटत नाहीत, असे कॅनन त्यात साफ सांगतात. पण जिथे तो पूर्ण चुकला असे आपल्याला वाटले, तिथेही त्याच्या मांडणीत ताजेपणा सापडला, अशी कबुलीही ते देतात. विद्यार्थ्याच्या पुस्तकाच्या पहिल्याच पानांवर ‘मला हे पटलेले नाही’ असे छापून, त्याच हाताने ते पुस्तक जगापुढे ठेवणारा मार्गदर्शक. मराठी पुस्तकांच्या प्रस्तावना वाचण्याची सवय असलेल्यांना हे दृश्य किती दुर्मीळ आहे ते वेगळे सांगायला नको.

याहून कठीण प्रसंग इरावती कर्वे यांचा. मुंबईत गो. स. घुर्ये यांच्याकडे चित्पावनांवर एम.ए.चा प्रबंध लिहून त्या 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. तिथले त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर. कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेचे ते संचालक, वंशशुद्धीच्या शास्त्राचे जर्मनीतले अग्रणी, आणि 1933 मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर. इरावतीबाईंना विषय मिळाला तो मानवी कवटीच्या दोन बाजूंमधील असमानतेचा. फिशर यांचे गृहीतक असे की ही असमानता वंशावर अवलंबून असावी, आणि युरोपीय कवट्यांच्या घडणीत त्यांच्या बौद्धिक श्रेष्ठत्वाची खूण सापडावी. इरावतीबाईंनी निरनिराळ्या प्रदेशांतल्या कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष काढला की असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. विशीतली एक भारतीय स्त्री, परकी भाषा, परका देश, आणि समोर स्वतःच्या सिद्धांतावर संस्था उभारलेला मार्गदर्शक. तरी आकडे जे सांगत होते तेच त्यांनी लिहिले, आणि त्यांना पदवी मिळाली. फिशर यांचे मन मोठे होते असा याचा अर्थ मी काढणार नाही, त्यांचा पुढचा इतिहास तसे म्हणू देत नाही. पण मोजमापाची पद्धत, नोंदींची शिस्त आणि परीक्षणाची चौकट इतकी पक्की होती की मार्गदर्शकाच्या आवडीनिवडीला वळसा घालून निष्कर्ष उभा राहू शकला. मतभेद पचवण्याची ताकद कधी माणसात असते, कधी माणूस ज्या पद्धतीला बांधलेला असतो तिच्यात. विद्यार्थ्याला दोन्हींपैकी एक तरी मिळायला हवी.

घुर्ये यांचे स्वतःचे उदाहरण जास्त गुंतागुंतीचे आहे, आणि म्हणून जास्त उपयोगाचे. मालवणात जन्मलेले घुर्ये केंब्रिजला गेले तेव्हा डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे त्यांचे मार्गदर्शक होते. 1922 मध्ये रिव्हर्स अचानक वारले आणि काम ए. सी. हॅडन यांच्या देखरेखीखाली पुरे झाले. परतल्यावर 1924 पासून साडेतीन दशके त्यांनी मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग सांभाळला, आणि भारतीय समाजशास्त्रातल्या पहिल्या पिढीतली किती नावे त्यांच्या हाताखालून गेली याची यादी करायला बसले तर तो वेगळाच लेख होईल. घुर्ये यांचा पिंड संस्कृत ग्रंथांचा, हिंदू संस्कृतीच्या अखंडतेवर विश्वास असणाऱ्याचा. त्यांच्याच हाताखाली अ. र. देसाई यांनी भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवर मार्क्सवादी चौकटीतून प्रबंध लिहिला. 1948 मध्ये तो पुस्तकरूपाने आला आणि आजही अभ्यासक्रमांत आहे. वैचारिक टोके दोन, सही एकाच गाइडची. पण त्याच घुर्ये यांच्याबरोबरची ओढाताण म्है. ना. श्रीनिवास यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे. श्रीनिवास यांनी कूर्गमधील लोकांवर मुंबईत पीएच.डी. केली. मग ते ऑक्सफर्डला गेले, आधी रॅडक्लिफ-ब्राउन आणि नंतर इव्हान्स-प्रिचर्ड यांच्याकडे. तिथे नवी सामग्री जवळजवळ नव्हतीच. मुंबईच्या काळात गोळा केलेल्या त्याच नोंदींवर त्यांनी नव्या चौकटीतून दुसरा प्रबंध लिहिला, आणि त्यातून 1952 चे ‘रिलिजन अँड सोसायटी अमंग द कूर्ग्ज ऑफ साउथ इंडिया’ निघाले, ज्यात संस्कृतीकरणाची संकल्पना आहे. संशोधनाच्या पद्धतीवर व्याख्याने देणाऱ्यांनी हे उदाहरण का वापरू नये, मला कळत नाही. गाव तेच, विधी तेच, टिपणवह्या त्याच. बदलला तो प्रश्न, आणि प्रश्न बदलायला कारण झाला दुसरा मार्गदर्शक. गाइड सामग्री देत नाही, ती विद्यार्थ्याला उन्हातान्हात फिरून स्वतःच जमवावी लागते. गाइड देतो तो प्रश्न विचारण्याचा रोख. तो रोख एकच असला पाहिजे असा ज्याचा हट्ट नसतो, त्याच्याकडे विद्यार्थी वाढतो.

इथे पहिला आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. निवडून निवडून थोर माणसांची उदाहरणे घेतली तर कुठलाही सिद्धांत सिद्ध करता येतो. आंबेडकर आणि कर्वे कोणाच्याही हाताखाली आंबेडकर आणि कर्वेच झाले असते. शिवाय पुरावा उलटा सांगतो, असे कोणी म्हणू शकेल. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॅरिएट झुकरमन यांनी 1977 च्या ‘सायंटिफिक एलिट’ या ग्रंथात दाखवले की 1972 पर्यंत ज्या 92 जणांना अमेरिकेत केलेल्या संशोधनासाठी नोबेल मिळाले, त्यांतल्या 48 जणांनी कधी ना कधी आधीच्या नोबेल विजेत्यांकडे विद्यार्थी किंवा कनिष्ठ सहकारी म्हणून काम केले होते. निम्म्याहून अधिक. मग ‘मोठ्या सरांकडे जा’ हा वडीलधाऱ्यांचा सल्लाच खरा नाही का?

झुकरमन यांचे पुस्तक या आकड्यावर थांबत नाही, आणि त्याचा मथळ्यापुरता वापर करणारे पुढची पाने वाचत नाहीत. एक तर निवड दोन्ही बाजूंनी होत होती. हुशार तरुण कोणत्या प्रयोगशाळेत काही घडते आहे ते हेरत होते आणि ज्येष्ठही कोण टिकेल ते पारखून घेत होते. बऱ्याच जणांनी आपले गुरू धरले ते त्या गुरूंना नोबेल मिळण्याच्या आधी, म्हणजे ते पदकाकडे नव्हे, कामाकडे पाहून गेले होते. आणि काय शिकलात असे विचारल्यावर या विजेत्यांनी माहिती किंवा तंत्र यांना दुय्यम जागा दिली. मुख्य शिदोरी होती ती कामाच्या दर्जाची जाणीव आणि विचार करण्याची रीत, म्हणजे कुठला प्रश्न विचारण्याजोगा, कुठला पुरावा पुरेसा, कुठे थांबून पुन्हा मोजायचे. दर्जाची ही जाणीव देणारा माणूस मोठा असू शकतो, तसाच एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातही असू शकतो. मोठे नाव हा तिचा एक संभाव्य पत्ता आहे, इतकेच.

जीवरसायनशास्त्रज्ञ हान्स क्रेब्ज यांचे उदाहरण या वादाच्या दोन्ही बाजूंना टोचते, म्हणून ते टाळू नये. क्रेब्ज 1926 ते 1930 बर्लिनमध्ये ओटो वारबुर्ग यांच्याकडे होते. वारबुर्ग एमिल फिशर यांचे विद्यार्थी, फिशर आडोल्फ फॉन बायर यांचे, आणि या चौघांनाही नोबेल मिळाले. क्रेब्ज यांनी स्वतः 1967 मध्ये ‘नेचर’मधील एका लेखात ही वंशावळ मांडून दाखवली आहे. वारबुर्ग मात्र मतभेद पचवणारे अजिबात नव्हते. त्यांच्या प्रयोगशाळेत त्यांचे प्रश्न चालत. वायूचा दाब मोजण्याचे आणि ऊतींचे पातळ काप वापरण्याचे त्यांचे तंत्र आपण दुसऱ्या रासायनिक प्रक्रियांसाठी वापरून पाहावे, हा क्रेब्ज यांचा विचार त्यांनी उचलून धरला नाही. क्रेब्ज तिथून बाहेर पडले, फ्रायबुर्गला गेले, तेच तंत्र आपल्या प्रश्नाला लावले आणि 1932 मध्ये कुर्ट हेन्सेलाइट यांच्यासह युरिया चक्र शोधून काढले. म्हणजे कडक, हट्टी, एककल्ली गुरूही फळतो? फळतो, पण एका अटीवर: तंत्र खरोखर अजोड असले पाहिजे आणि विद्यार्थ्याला वेळेत बाहेर पडता आले पाहिजे. क्रेब्ज तोवर पदवीधर डॉक्टर होते, रुग्णालयात नोकरी करू शकत होते. नोंदणी, फेलोशिप आणि पदवी या तिन्हींच्या दोऱ्या एकाच सहीला बांधलेल्या आपल्या विद्यार्थ्याला ही मोकळीक नसते. वारबुर्गचा कित्ता गिरवणाऱ्या आपल्याकडच्या काही गाइडांकडे हट्ट तेवढा वारबुर्गचा असतो.

दुसरा आक्षेप जुन्या वळणाचे शिक्षक घेतात आणि त्यात तथ्य आहे. नुकताच एम.ए. झालेला मुलगा मतभेद कशाच्या जोरावर करणार? आधी शिकू दे, मग बोलू दे. मतभेदाचा हक्क म्हणजे अज्ञानाचा हक्क नव्हे, हे मान्यच. श्रीनिवास रामानुजन यांची प्रतिभा कोणी नाकारत नाही, पण 1914 मध्ये ते केंब्रिजला पोहोचले तेव्हा आधुनिक गणितात सिद्धता कशाला म्हणतात याची त्यांची कल्पना धूसर होती. त्यांचे तिथले मार्गदर्शक जी. एच. हार्डी यांच्यापुढचा पेच असा की ही शिस्त शिकवली नाही तर रामानुजन चुकीच्या प्रमेयांत अडकतील, आणि फार शिकवली तर त्यांचा स्वतःवरचा विश्वास आणि ती अचाट अंतःप्रेरणा मरेल. हार्डी आणि त्यांचे सहकारी लिटलवूड यांनी काही शिकवले, काही मुद्दाम सोडून दिले, आणि आपण त्याच्याकडून जितके शिकलो त्यापेक्षा कमीच त्याला शिकवले, असे हार्डी यांनी नंतर लिहिले. म्हणजे सुरुवातीची असमानता खरी आहे. पहिल्या वर्षी गाइडने सांगितलेले वाचावे, त्याने लाल केलेले परिच्छेद मुकाट्याने पुन्हा लिहावेत, ‘हे का’ एवढेच विचारावे. मुद्दा तिसऱ्या वर्षाचा आहे. पहिल्या वर्षाची असमानता तिसऱ्या वर्षीही तशीच राहावी असे ज्या गाइडला वाटते, त्याला विद्यार्थी नको, लेखनिक हवा आहे. आणि गुरूला प्रश्न विचारणे आपल्या परंपरेत बसत नाही, असे म्हणणाऱ्यांनी उपनिषदांतली मुले आपल्या गुरूंना काय काय विचारत सुटतात ते पुन्हा एकदा पाहावे.

मग हे आधी कसे ओळखायचे? प्रवेशाच्या मुलाखतीत कुठलाही गाइड ‘मला मतभेद चालत नाहीत’ असे सांगणार नाही. पण त्याचा पुरावा चक्क उघड्यावर पडलेला आहे आणि फुकट आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संग्रहात देशभरातल्या विद्यापीठांचे लाखो प्रबंध आहेत, आणि ते मार्गदर्शकाच्या नावाने शोधता येतात. विद्यार्थी या संग्रहाकडे जातात ते प्रकरणांची मांडणी उचलायला. गाइड पारखायला जाणारे क्वचितच. एका मार्गदर्शकाकडचे चार-पाच प्रबंध शेजारी शेजारी उघडा. नोंदणी आणि पदवीच्या तारखा दिल्या असतील तर दोन्हींतले अंतर पाहा. सगळ्या प्रबंधांची शीर्षके एकाच साच्यातली आहेत का, तालुक्याचे नाव तेवढे बदलले आहे का? निष्कर्षाचे प्रकरण वाचा. पाचही प्रबंधांत गृहीतके एकूण एक सिद्ध झाली असतील तर सावध व्हा, कारण खऱ्या संशोधनात गृहीतके कोसळतातही. संदर्भसूचीत गाइडच्या लेखनावर टीका करणारे कोणी आहे का, की सगळी सूची त्याच्या मित्रमंडळींची आहे? शेवटी ऋणनिर्देश. त्यातली स्तुती सोडून द्या, ती सक्तीची असते. तपशील शोधा. सरांनी दुसऱ्या प्रकरणाची मांडणी दोनदा मोडायला लावली, मॅडमनी स्वतःच्या जुन्या लेखाच्या विरुद्ध जाणारी कागदपत्रे हाती दिली, असे काही लिहिलेले आढळले तर समजावे की इथे काम होते. नुसतेच ‘पितृतुल्य’ आणि ‘ऋषितुल्य’ असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. मग त्याच विद्यार्थ्यांना गाठावे. सध्याच्या विद्यार्थ्यांपेक्षा पदवी मिळालेले बरे, आणि त्याहून बरे म्हणजे अर्ध्यात सोडून गेलेले. त्यांना ‘सर कसे आहेत’ असे विचारू नये. एखादे प्रकरण वाचून परत यायला किती दिवस लागायचे, लेखावर पहिले नाव कोणाचे जायचे, आणि तुमचे म्हणणे सरांनी कधी मान्य केले का, हे विचारावे. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर मिळते.

गाइडला पहिले पत्र कसे लिहावे यावर सल्ल्यांचा सुकाळ आहे, पण त्या कलेचा नमुना 16 जानेवारी 1913 चाच आहे. मद्रास पोर्ट ट्रस्टमधल्या एका कारकुनाने केंब्रिजच्या गणितज्ञाला लिहिलेले पत्र. रामानुजन यांनी याआधी केंब्रिजमधल्या दोन नामवंतांना, एच. एफ. बेकर आणि ई. डब्ल्यू. हॉब्सन यांना, लिहून पाहिले होते आणि काही हाती लागले नव्हते. हार्डींना लिहिताना त्यांनी गरिबी आणि शिक्षण दोन ओळींत उरकले आणि थेट हार्डींच्या 1910 मधील ‘ऑर्डर्स ऑफ इन्फिनिटी’ या पुस्तिकेतल्या एका विधानावर बोट ठेवले: दिलेल्या संख्येपेक्षा लहान मूळसंख्या किती, याचे नेमके सूत्र अजून सापडलेले नाही असे तुम्ही म्हणता, खऱ्या संख्येच्या अगदी जवळ जाणारे एक मला सापडले आहे. सोबत प्रमेयांची पाने. ते सूत्र पुढे सदोष ठरले, पण त्याने पत्राचे काम थांबले नाही. त्या पत्रात आज्ञाधारकपणाची ग्वाही फार नाही, तुमचे काम मी वाचले आहे आणि त्यात भर घालण्याजोगे माझ्याकडे काही आहे, एवढेच आहे. आज ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू होणारा एकच मजकूर चाळीस प्राध्यापकांना पाठवणारा विद्यार्थी आपल्याला उत्तर येत नाही म्हणून खट्टू होतो. त्याने एकाच प्राध्यापकाचा एकच लेख वाचून त्यातल्या एका पानाबद्दल एक शंका लिहावी. त्या शंकेला येणारे उत्तर हीच गाइडची पहिली परीक्षा. चिडचिड आली, तर तीन वर्षे वाचली. उत्सुकता आली, तर पुढे जावे.

नोंदणी झाल्यावरचे सहजीवन निवडीइतके गूढ नाही. त्याचा बराच भाग कागदाचा आहे. भेटीनंतर त्याच दिवशी काय ठरले ते चार ओळींत ईमेलने कळवावे. पुढे मतभेद झाला की आठवणींची भांडणे होतात, ती या चार ओळी मिटवतात. 2022 च्या नियमांनुसार प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. पुष्कळ विभागांत हा सह्यांचा आणि चहाचा कार्यक्रम झाला आहे आणि त्याला विद्यार्थीही हातभार लावतात, कारण लवकर सुटका होते. खरे तर समितीतल्या इतर सदस्यांना आपले काम नीट माहीत असणे हा विद्यार्थ्याचा विमा आहे. गाइड आजारी पडू शकतो, बदली होऊन जाऊ शकतो, रिव्हर्ससारखा मरूही शकतो. एकाच माणसाकडून सगळे मिळेल ही अपेक्षाही सोडलेली बरी. बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्रज्ञ सेलिग्मन यांनी सार्वजनिक वित्तव्यवहाराची दिशा दिली, जॉन ड्युई यांच्या वर्गातून लोकशाहीचा विचार मिळाला, जातींवरचा निबंध 9 मे 1916 रोजी त्यांनी मानवशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात वाचला, आणि लंडनमध्ये कॅनन भेटले. पदवीच्या कागदावर एक नाव असते, घडवणारे चार असतात.

शेवटचा आक्षेप सगळ्यात कडू. निवडीच्या या गप्पा ज्यांना निवड आहे त्यांच्यासाठी. पेट उत्तीर्ण होऊन दोन वर्षे जागेची वाट पाहणारा, बार्टी, सारथी किंवा महाज्योतीच्या फेलोशिपसाठी नोंदणीचा कागद लवकर दाखवायची घाई असलेला मुलगा जो गाइड मिळेल त्याचे पाय धरतो. नेट-जेआरएफ असेल तर जानेवारी 2023 पासूनच्या दराने महिना 37,000 रुपये मिळतात, पण त्याही कागदांवर गाइडची सही लागते. दारे सर्वांना सारखी उघडी नाहीत हेही खरे. 1933 मध्ये कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, मुंबई विद्यापीठात पहिल्या येऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी हट्ट सोडला नाही, तेव्हा वर्षभराच्या परिवीक्षाकाळाच्या अटीवर घेतले. नाव मोठे होते रामन यांचे, पण बाईंना घडवले ते त्यांचे कडक शिक्षक एम. श्रीनिवासय्या यांनी. पुढे केंब्रिजमध्ये डेरेक रिक्टर यांच्याकडे काम सुरू झाले आणि ते दुसरीकडे गेल्यावर रॉबिन हिल यांच्याकडे. वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम सी वरचा बाईंचा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता आणि 1939 मध्ये त्यावर पीएच.डी. मिळाली. मार्गदर्शक मध्येच बदलला म्हणून आभाळ कोसळले नाही.

आपल्याकडे मात्र गाइड बदलणे हे बंड समजले जाते. विद्यापीठांच्या नियमांत त्याची सोय आहे: अर्ज, कारण, समितीची संमती. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने स्थलांतर करावे लागणाऱ्या विद्यार्थिनीला काम दुसऱ्या संस्थेत नेण्याची तरतूद तर अनुदान आयोगाच्या नियमांतच आहे. पण जुन्या गाइडचे ना हरकत पत्र मागायला जाण्याचीच भीती असते, आणि निवड नसलेल्या विद्यार्थ्याला जागेची यादी जितकी लागते तितकीच, खरे तर जास्त, ही वाट मोकळी असण्याची गरज असते. गाइड पारखण्याचे ओझे त्याच्या एकट्याच्या डोक्यावर टाकणे म्हणूनच अन्यायाचे. दर वर्षी विद्यापीठे मान्यताप्राप्त मार्गदर्शकांची यादी संकेतस्थळावर लावतात: नाव, विषय, महाविद्यालय, रिकाम्या जागा. त्याच यादीत आणखी चार रकाने घालता येतील. आजवर किती विद्यार्थ्यांनी नोंदणी केली, किती जणांनी प्रबंध सादर केला, सरासरी किती काळ लागला, आणि किती जणांनी गाइड बदलून घेतला किंवा काम सोडले. यासाठी नवे सर्वेक्षण नको, नवी समिती नको. प्रत्येक विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात हे चारही आकडे नोंदणीच्या फायलींत पडून आहेत.